प्रमाणपत्रं माझ्या नावावर, पासवर्ड दुसऱ्याच्या वहीत

पत्र:

"मी कळव्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. नोकरीला २५ वर्षं झाली, निवृत्तीला ७ राहिली. गेल्या काही वर्षांत जी ऑनलाइन प्रशिक्षणं आली, ती बहुतेक आमच्या शाळेतल्या एका तरुण सरांनी माझ्या नावावर पूर्ण करून दिली. ओटीपी आला की मी फोनवर सांगायची. दोन-तीन चाचण्या माझ्या मुलाने सोडवल्या. हेतू वाईट नव्हता. घर, शाळा, निवडणुकीची कामं यातून वेळ मिळत नव्हता आणि काहीतरी चुकेल याची भीतीही वाटायची. जूनमध्ये ते सर संस्थेच्या दुसऱ्या शाळेत गेले. माझे सगळे पासवर्ड त्यांच्या वहीत आहेत. आणि आता, सगळ्यांत जास्त प्रमाणपत्रं माझी म्हणून, शाळेतल्या ११ शिक्षकांना डिजिटल साक्षरता शिकवायची जबाबदारी मुख्याध्यापकांनी माझ्यावरच टाकली आहे. स्मार्ट बोर्ड चालू करायलासुद्धा मी मुलांना सांगते. खरं सांगून टाकू, की गुपचूप शिकून घेऊ? आणि या वयात शिकले तरी दोन वर्षांत पुन्हा नवीन काहीतरी येणारच. मग ही धडपड कशासाठी? रात्री झोप लागत नाही."
— एक शिक्षिका, कळवा

उत्तर:

बाई,

तुम्हाला ताई किंवा मॅडम न म्हणता बाईच म्हणते. मीही ३२ वर्षं हीच हाक ऐकली, आधी वर्गात आणि नंतर शिक्षकांच्या प्रशिक्षणांत. त्यामुळे तुमचं पत्र मला परक्याचं वाटलं नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण झोप त्यानेच उडवली आहे. खरं सांगा. याच आठवड्यात, मुख्याध्यापकांना, त्यांच्या खोलीत, दार लोटून. गुपचूप शिकून घ्यायचं म्हटलं तर रोज ११ जणांसमोर सगळं येत असल्याचं सोंग वठवावं लागेल. आणि ज्याला आपलं न येणं लपवायचं असतं, त्याला प्रश्न विचारता येत नाहीत. हा विषय तर प्रश्न विचारल्याशिवाय कोणालाच आलेला नाही.

बोलायला तोंड कसं उघडायचं, असं वाटत असेल तर एवढंच म्हणा: "सर, ही प्रशिक्षणं माझ्या नावावर आहेत, पण मी स्वतः केलेली नाहीत. माझं चुकलं. काम मी टाळत नाही, पण मला तज्ज्ञ म्हणून उभं करू नका. सगळ्यांबरोबर शिकेन आणि दर शनिवारी शिक्षकांचा एक तास चालू ठेवायची जबाबदारी घेईन." ते रागावतील कदाचित. ऐकून घ्या. कोणाचं नाव मध्ये आणू नका, ना त्या सरांचं, ना मुलाचं.

चूक झाली हे मी गुळमुळीत करणार नाही. पण मी या व्यवहाराच्या पलीकडच्या बाजूला बसलेली आहे, म्हणून हेही सांगायला हवं की ती चूक एकट्या तुमची नाही. निष्ठा हे केंद्र सरकारचं शिक्षक प्रशिक्षण २०१९ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं तेव्हा ते समोरासमोर बसून घ्यायचं होतं. देशभरातल्या प्राथमिक स्तरावरच्या सुमारे ४२ लाख शिक्षकांपर्यंत पोहोचायचं होतं. मग २०२० चा मार्च आला, शाळांना कुलपं लागली आणि ऑक्टोबरपासून तेच प्रशिक्षण १८ मॉड्यूल्स होऊन दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर आलं. त्या दिवसांत दुसरा मार्गही नव्हता. पण पुढे काय झालं ते आपण दोघींनी पाहिलं आहे. रात्री साडेनऊला ग्रुपवर लिंक यायची, खाली मुदत, आणि दोन दिवसांनी 'अद्याप पूर्ण न केलेले शिक्षक' अशी नावांची यादी. त्या यादीतून नाव काढणं हाच अभ्यासक्रम होऊन बसला. व्हिडिओ बाजूला चालू ठेवून भाकऱ्या करणाऱ्या कितीतरी बायका मला माहीत आहेत. त्या कामचुकार नव्हत्या. त्यांना ज्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं, तो प्रश्न त्या व्हिडिओत नव्हता.

पासवर्डचं काम मात्र मुख्याध्यापकांशी बोलायच्याही आधी करा. आज रात्रीच. सुरुवात ईमेलपासून, कारण बाकी सगळ्या खात्यांची किल्ली तिथे असते. 'पासवर्ड विसरलात?' म्हटलं की बहुतेक ठिकाणी दुवा ईमेलवरच येतो. त्या ईमेलला कोणाचा मोबाइल नंबर जोडला आहे ते बघा. सरांचा असेल तर तुम्ही कितीही नवे पासवर्ड केलेत तरी ओटीपी त्यांच्याच फोनवर वाजेल. म्हणून आधी नंबर बदला, मग पासवर्ड, मग एकेक करत बाकीची खाती. नवे पासवर्ड कागदाच्या वहीत लिहून घरच्या कपाटात ठेवलेत तरी माझी हरकत नाही. लक्षात राहत नाही म्हणून सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं. फक्त व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवून ठेवू नका आणि वही शाळेच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका.

मग सरांना फोन करा. त्यांनी तुमच्यासाठी वेळ घालवला, त्याबद्दल त्यांचे आभार माना आणि वहीतलं ते पान मागून घ्या. ते चांगलेच असणार. पण तुमच्या लॉगिनमागे काय काय आहे ते बघा. वर्गशिक्षक म्हणून तुम्ही यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीसाठी मुलांची नावं, जन्मतारखा, आईचं नाव, आधार क्रमांक गोळा केलेले आहेत. २०२३ साली आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला आहे आणि मुलांच्या माहितीसाठी जास्त काळजी मागितली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी साधा विचार करा. आधार क्रमांकांची यादी शिक्षकांच्या ग्रुपवर पडली की ती ११ फोनांत उतरते, आणि त्यांतला एखादा फोन स्क्रीन फुटली म्हणून स्टेशनजवळच्या दुकानात चार दिवस पडून असतो. तुमच्या पहिल्याच तासाला हे सांगा. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, अगदी मलाही नाही. आणि कोणी फसलंच, पैसे गेले, तर लाजून घरी बसायचं नाही. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावायचा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.

आता दुसरा प्रश्न. दोन वर्षांत पुन्हा नवीन येणार, मग शिकायचं कशाला?

तुमच्या पत्रातला खरा प्रश्न हाच आहे. तो मलाही पडला होता, आणि माझ्याकडे त्याला लाज वाटावी असं कारण होतं.

आपल्या देशातल्या शाळांत संगणक आला १९८४ मध्ये, क्लास नावाच्या प्रकल्पातून. बीबीसी मायक्रो नावाची ब्रिटिश यंत्रं होती ती. २००१ मध्ये, तुम्ही नुकत्या नोकरीला लागलेल्या असाल, एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा सुरू झाली आणि आपण सगळे संध्याकाळी वही घेऊन सेंटरवर जाऊ लागलो. २००४ मध्ये शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह सोडला गेला. मग सीडी आल्या, मग पेन ड्राइव्ह, मग ई-लर्निंगचे संच, आणि २०१७ मध्ये दीक्षा. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून येऊ लागले. या प्रत्येक वळणावर शिक्षकांना 'आता हे शिका' म्हणून बसवलं गेलं. बसवणाऱ्यांत मीही होते. माझी पाच-सहा वर्षं शिक्षकांना फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲनिमेशन, म्हणजे हलती चित्रं, करायला शिकवण्यात गेली. हे बटण दाबा, ही पट्टी ओढा, इथे फ्रेम घाला. लोक वहीत पायऱ्या उतरवून घ्यायचे. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश कायमचं बंद झालं. त्या वह्या रद्दीत गेल्या असतील. कोविडच्या काळात ज्यांनी हौसेने गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा शिकून घेतला, त्यांचा जॅमबोर्ड २०२४ संपता संपता गेला.

तरी त्या फ्लॅशच्या वर्गातला एक माणूस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. शहापूरच्या बाजूचे जिल्हा परिषदेचे शिक्षक होते. माऊस त्यांच्या हातात थरथरायचा. तीन दिवसांत त्यांचं एकही ॲनिमेशन पूर्ण झालं नाही. पण पहिल्याच दिवशी त्यांनी पाठकोऱ्या कागदावर पाच चौकोन आखले होते. जलचक्र. मी विचारलं, दुसरा चौकोन एवढा मोठा का? ते म्हणाले, "बाई, आमच्या पोरांना वाटतं पाणी उकळलं तरच त्याची वाफ होते. दोरीवरचं धोतर उकळतं का? मग ते वाळतं कसं? तिथे पोरं अडतात. म्हणून तो मोठा." नंतर बऱ्याच वर्षांनी ते एका शिक्षण परिषदेत भेटले. त्यांनी फोनमध्ये फोटो दाखवले: ओलं धोतर, अर्धं वाळलेलं धोतर, कोरडं धोतर, प्रत्येकाखाली घड्याळातली वेळ. पाच चौकोन तेच होते. मधल्या काळात फ्लॅश आलं काय आणि गेलं काय, त्यांचं काही अडलं नव्हतं.

मुलं कुठे अडतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हातातलं यंत्र बदललं तरी चालतं. ली शुल्मन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ मध्ये मांडलं की विषय येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं, आणि 'हा विषय या मुलांना कसा पोहोचवायचा' हे या दोन्हींच्या मिसळणीतून तयार झालेलं तिसरंच ज्ञान आहे. २००६ मध्ये पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या अभ्यासकांनी त्यात तंत्रज्ञानाची भर घातली. त्यांचंही म्हणणं तेच: तंत्रज्ञान सुटं शिकवून भागत नाही, ते विषयाशी आणि शिकवण्याच्या रीतीशी जुळावं लागतं. आपल्याकडच्या प्रशिक्षणांत बहुतेक वेळा फक्त यंत्र शिकवलं गेलं. बाकीच्या दोन गोष्टी तुमच्याकडे २५ वर्षांच्या आहेत. ज्याला तुम्ही 'मला काही येत नाही' म्हणता, तो तिसरा आणि सगळ्यांत लवकर भरून निघणारा भाग आहे.

हे तुमच्या विषयात कसं दिसतं ते सांगते. विटाव्याजवळच्या एका शाळेत मी सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसले होते. फेब्रुवारी महिना. बाई निवृत्तीला आलेल्या, प्रोजेक्टर नवा. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, मिळाला, त्यावरचा फ्लेमिंगोंचा एक व्हिडिओ त्यांनी तयार ठेवला होता. त्याआधी सहज म्हणून त्यांनी परिसराचा उपग्रहावरून घेतलेला नकाशा उघडला. तो मोठा कसा करायचा ते त्यांना येईना. एक मुलगी पुढे येऊन करून गेली. आणि मग एकदम आरडाओरडा. "बाई, ते आमचं घर!" "बाई, ती आमची गल्ली!" त्यातच एकीने विचारलं, "पण बाई, आमचं छप्पर निळं का?"

"ताडपत्री आहे ती, पावसाळ्याची," दुसरी म्हणाली.

"आता कुठे आहे ताडपत्री? आम्ही काढली ना."

बाई थांबल्या. व्हिडिओकडे वळणारा हात त्यांनी मागे घेतला. म्हणाल्या, "मग हा फोटो आजचा नाही तर. कधीचा असेल?"

पुढची वीस मिनिटं मी हलले नाही. एक मुलगा म्हणाला, पावसाळ्यातला असणार. त्यावर दुसरा, की पावसाळ्यात ढग असतात, वरून घर दिसेलच कसं? मग खाडीकडेच्या चाळीतली एक मुलगी हळूच म्हणाली, आम्ही ताडपत्री दिवाळी झाल्यावर काढतो. म्हणजे पाऊस संपलेला, ढग गेलेले, ताडपत्री अजून छपरावर. ऑक्टोबर! बाईंनी फळ्यावर लिहिलं: 'हे चित्र कधीचं? कोणी काढलं? आपल्याला कसं कळलं?' फ्लेमिंगो राहून गेले. त्या वर्गातल्या मुलांना मात्र आयुष्यभरासाठी कळलं असेल की पडद्यावर दिसतं ते 'आत्ताचं' असतंच असं नाही. नंतर मी त्या बाईंना गूगल अर्थ दाखवलं. तिथे चित्राची तारीख दिसते, मागच्या वर्षांची चित्रंही पाहता येतात. ते बटण शिकायला त्यांना चार मिनिटं लागली. तो प्रश्न सुचायला त्यांची सगळी नोकरी लागली होती.

बाई, फळ्यावरचे ते तीन प्रश्न तुम्ही इतिहासाच्या तासाला विचारताच की! बखर आणि त्याच काळातलं पत्र यांतला फरक सांगताना तुम्ही मुलांना म्हणता, कोणी लिहिलं, घटनेनंतर किती वर्षांनी, कोणासाठी. डिजिटल साक्षरतेचा निम्म्याहून मोठा भाग हाच आहे. उदाहरण शाळेच्याच ग्रुपवर सापडेल. शासन निर्णय म्हणून कुठलीतरी पीडीएफ फिरते, अर्धे शिक्षक घाबरतात, अर्धे पुढे पाठवतात. खऱ्या निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात 'सदर शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक' असं म्हणून एक लांबलचक आकडा दिलेला असतो आणि निर्णय डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित असतो. तो आकडा शासनाच्या संकेतस्थळावर टाकायचा. निर्णय निघाला तर निघाला, नाही तर पुढे पाठवायचा नाही. मूळ कागद शोधायची सवय इतिहासाच्या शिक्षकाला नवी नाही.

एआयचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण तुमचे ११ जण पहिल्या दिवशी तेच विचारतील. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून प्रत्येक प्रशिक्षणात हाच विषय निघतो. मी मागे एका एआयला पहिल्या रेल्वेवर आठवीसाठी उतारा लिहायला सांगितला. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, हे सगळं बरोबर आलं. पुढे लिहिलं होतं की या रेल्वेने विकासात 'महत्त्वपूर्ण भूमिका निभावली'. आपल्या मराठीत भूमिका बजावतात, बाई. निभावणं हिंदीकडून आलं. तुमचं लाल पेन तिथे आपोआप थांबेल, हे मला माहीत आहे. त्यापुढे त्या दिवशीच्या एका ठाणेकराचे उद्गार अवतरणचिन्हांत दिले होते. हे कुठे मिळाले विचारलं, तर माफी मागून त्याने दुसरेच उद्गार दिले. मुळात ते यंत्र मागच्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता शोभेल याचा अंदाज बांधत जातं. दप्तरात जाऊन कागद पाहिल्यासारखं ते लिहितं, पण पाहिलेला असतोच असं नाही. म्हणून वापरायचंच नाही, असं मी म्हणत नाही. एकाच उताऱ्यावर सोपे, मध्यम, कठीण असे प्रश्न काढायला, मागे पडलेल्या चार मुलांसाठी तोच मजकूर छोट्या वाक्यांत करून घ्यायला ते फार उपयोगी पडतं. फक्त तपासणारं डोळस माणूस शेवटी हवं, आणि मुलांची नावं, गुण, घरची परिस्थिती त्यात लिहायची नाही. मराठीच्या बाईंना या कामात शाळेतल्या कोणत्याही तरुण सरांपेक्षा जास्त कळतं. पहिल्या महिन्यात एक तास फक्त याला द्या: एआयने लिहिलेला एक उतारा छापून आणा आणि ११ जणांना लाल पेन द्या.

आता तास कसे घ्यायचे. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर पाऊण तास, त्याहून जास्त नको. प्रोजेक्टर लावून 'डिजिटल साक्षरता म्हणजे काय' सांगत बसू नका. प्रत्येकाने आपलं एक अडलेलं खरं काम घेऊन यायचं. गुणपत्रक जुळत नाही, फोटोची साइज मोठी म्हणून फॉर्म स्वीकारत नाही, क्यूआर कोड स्कॅन केला की इंग्रजीच उघडतं, असलं काहीही. दोघा-दोघांनी बसायचं. आणि एकच नियम, तो तुम्ही कडकपणे पाळायला लावा: ज्याचं काम, त्याचाच हात माऊसवर. ज्याला येतं त्याने फक्त तोंडाने सांगायचं. हा नियम सोपा वाटतो, पण मदत करणाऱ्याचा हात सारखा पुढे येतो. तुमच्या सरांचाही तसाच आला असेल, चांगल्या मनाने. 'थांबा, मी करून देतो' या चार शब्दांनी आपल्या शाळांत जितके शिक्षक मागे राहिले, तितके कशानेही राहिले नसतील.

पहिल्या तासाला काय, असं विचाराल तर मराठीत बोलून लिहिणं. फोनच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं. ते दाबून मराठीत सावकाश बोललं की अक्षरं उमटतात. पालकांसाठीची सूचना प्रत्येकाने बोलून लिहायची आणि मग ऱ्हस्व-दीर्घ हाताने सुधारायचे. टायपिंग येत नाही म्हणून २० वर्षं गप्प बसलेले लोक त्या पाऊण तासात चार ओळी लिहितात. त्यांचे चेहरे मी पाहिलेले आहेत.

तिथेच जुन्या प्रश्नपत्रिकांचा विषय निघेल. श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइल फोनवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो आणि लोकांना वाटतं फाइल खराब झाली. खराब झालेली नसते. त्या पद्धतीत इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचा आकार बसवलेला असतो, तो फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये 'क' ला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून तो कुठेही 'क'च राहतो. जुनी फाइल युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं फुकट मिळतात, बदलल्यावर जोडाक्षरं तेवढी तपासायची. एकदा हे कळलं की 'यंत्र माझ्यावर रुसलंय' ही भावना जाते.

वर्गातल्या मुलांची मदत घेता, त्यात कमीपणा मानू नका. स्मार्ट बोर्ड त्यांना लावू द्या. पासवर्ड टाकताना मात्र त्यांना पाठ करून उभं राहायला सांगा.

आणि दुसऱ्यांनी तुमच्या नावावर केलेली ती मॉड्यूल्स. सगळी पुन्हा करायची गरज नाही. तुमच्या विषयाजवळची दोन निवडा आणि या वेळी स्वतः करा, मुलाला शेजारी न बसवता. चाचणीत चुका होतील. कुठे चुकलं ते वहीत लिहा. शनिवारी ११ जणांसमोर ठेवायला तोच तुमचा सगळ्यांत चांगला मजकूर असेल, कारण तेही तिथेच अडलेले असणार. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास सांगितले आहेत. मुख्याध्यापकांना विनंती करा की शनिवारच्या तासांची तारीख, विषय, हजेरी नोंदवहीत लिहिली जावी. केंद्रप्रमुख आले की वही पुढे करा.

सात वर्षं म्हणजे सात नव्या तुकड्या, बाई. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं की मला कळवा. पहिल्या शनिवारी कोण कोणतं अडलेलं काम घेऊन आलं, तेही लिहा. एखादं सुटलं नाही तर तसंच पाठवा, आपण दोघी मिळून बघू.